तिसऱ्या वर्गाचा माणूस

त्या उन्हाळ्यात गवत कमरेपर्यंत वाढलं आणि ते कापायला पित्कापेरा गावात गडी उरला नाही. युद्धाचा तो चौथा उन्हाळा. जे धडधाकट होते ते पूर्वेच्या आघाडीवर होते, आणि त्यांतले काही आता चर्चच्या आवारात एका ओळीत पांढऱ्या क्रुसांखाली निजले होते. चांगले घोडेही सैन्यानं नेले होते. मागं उरल्या बाया, म्हातारे, आणि तावी मोइलानेन.

तावी दारात उभा राहिला की घरात अंधार व्हायचा, एवढा आडवा माणूस. मान जाड, खांदे रुंद. पण वाढत्या वयात त्याला सांध्यांचा ताप आला होता. गुडघे, कोपरं सुजून भोपळ्यासारखी झाली होती. सूज उतरली, पण ताप जाताना काळीज खाऊन गेला. भरतीचं वय झालं तेव्हा डॉक्टरनं छातीला नळी लावली, खूप वेळ ऐकलं आणि त्याला तिसरा वर्ग दिला. पहिला वर्ग लढाईचा, दुसरा मागच्या कामांचा, तिसरा घरी परत पाठवायच्या लोकांचा. अशा माणसाला आमच्याकडे 'राजाचा टाकाऊ' म्हणत. राजा, म्हणजे झार, कधीच गेला होता, देशात आपलं सरकार आलं होतं, पण शब्द काही गेला नव्हता.

लंगड्याला लोक लंगडा म्हणतात आणि सोडून देतात. तावीचं दुखणं दिसत नव्हतं.

तळ्याकाठच्या कुरणात तो लांब दांड्याच्या विळ्यानं गवत कापत होता. एक पट्टा कापायचा, मग दांड्यावर रेलून उभा राहायचा. धाप लागलेली कुणाला दिसू नये म्हणून पात्याला धार लावल्यासारखं करायचा. धार कधीची लागलेली असायची, तरी दगड पात्यावरून फिरतच राहायचा. मागून त्याची बायको लेम्पी गवत ओढून खुंट्यांच्या खांबांवर वाळत घालत होती. तिला त्या दगडाचा आवाज ओळखू यायचा. धारेचा कुठला आणि दमाचा कुठला, तिला बरोबर कळायचं.

कुंपणापलीकडे साइमीचं कुरण. तिचा नवरा ओट्टो गेल्या हिवाळ्यात आघाडीवर पडला होता. दोन लहान मुली आणि एक गाय घेऊन ती बाई एकटी राबत होती. हातांना फोड, फोडांवर चिंध्या.

"काय तावी, आज तरी पातं झिजलं की नाही?" ती ओरडली. "तुझ्या दगडाला मात्र पदक द्यायला हवं."

तावीचा दगड फिरतच राहिला. लेम्पीच बोलली, "साइमी, त्याचं काळीज—"

"काळीज! माझ्या ओट्टोलाही काळीज होतं गं. त्यात गोळी शिरली तेव्हा कळलं मला." साइमीनं मूठभर गवत उपटून फेकलं. "लोणी चांगलं पोचवलं असेल तुझ्या सासऱ्यानं त्या डॉक्टरला. बैल गोठ्यात राहिला, आणि माझा माणूस खड्ड्यात गेला."

तावीनं विळा उचलला आणि दम पुरा न घेताच पुढचा पट्टा धरला. संध्याकाळी त्याचे घोटे एवढे सुजले की बूट निघेनात. लेम्पीनं ते ओढून काढले.

फेरतपासणीचा हुकूम आला तो त्याच आठवड्यात. टाकाऊ ठरलेल्या सगळ्यांनी तळ्यापलीकडच्या, चर्च असलेल्या मोठ्या गावातल्या शाळेत हजर राहायचं होतं. आघाडीवर माणसं कमी पडत होती. शेजारच्या वस्तीवरचा खोकल्याचा रोगी आदल्या तपासणीला गेला होता. रक्त थुंकायचा तो. त्याला थेट दुसरा वर्ग देऊन खंदक खणायला पाठवलं होतं.

"नळीसुद्धा लावत नाहीत म्हणे," तावीची आई रीक्का चुलीपाशी बसून म्हणाली. "ओळीत नागडं उभं करतात, खांदे बघतात आणि म्हणतात, चल पुढं. माझ्या पोराचे खांदे बघितले की झालंच."

"लावतील नळी," तावी म्हणाला. "आधीच्या डॉक्टरला ऐकू आलं, याला का नाही येणार? कान सगळ्यांना सारखेच असतात."

"आणि घेतलंच तर?"

"घेतलं तर घेतलं." तो बटाटा सोलत होता. सोलता सोलता थांबला. "आई, मी आजारी आहे ते खरं आहे. मला कुणापुढं नाटक करायची गरज नाही. ऐकतील, आणि काय ते ठरवतील. माझ्याकडे दुसरं काही नसलं तरी हे खरं आहे."

तो सौनाकडे, वाफेच्या न्हाणीघराकडे, गेल्यावर रीक्कानं सुनेला जवळ बोलावलं. परसात तिनं तंबाखू लावली होती. दुकानात मिळेनाशी झाल्यापासून घरोघरी लावायचे. "झारच्या काळात," म्हातारी कुजबुजली, "माझा भाऊ तंबाखूचं पाणी प्याला होता. काळीज असं उडायला लागलं की तपासणारा घाबरला. घरी पाठवला त्याला. सत्तर वर्षांचा होऊन मेला."

"पण याचं काळीज तर खरंच बिघडलंय, आई."

"म्हणून तर. दिसत नाही ना ते? नुसतं बाहेर दिसेल असं करायचं. खोटं थोडंच आहे!"

लेम्पीनं रात्रभर विचार केला. तिला खंदक दिसत होता, चिखलात फावडं मारणारा तावी दिसत होता. शेजारी उशांना टेकून तो बसल्या बसल्या झोपला होता. आडवा झाला की त्याला श्वास पुरत नसे. सकाळी तिनं पानं उकळली, काळं पाणी गाळलं आणि भाजलेल्या सातूच्या कॉफीत घातलं.

"कडू आहे," तावी म्हणाला.

"सातू करपले जरा. पिऊन टाक. लांब जायचंय."

त्यानं पिऊन टाकलं. तिच्यावर शंका घ्यायची त्याला सवय नव्हती.

दोघं होडीनं निघाले. तळ्याच्या मध्यावर त्याच्या कपाळावर घाम आला. "पाणी हलतंय का आज?" त्यानं विचारलं. वारा अजिबात नव्हता. लेम्पीनं वल्ही घेतली. तो होडीच्या कडेला वाकून ओकला, तोंड धुतलं, आणि लाजल्यासारखा हसला. "भ्यालो वाटतं मी," म्हणाला.

शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सारली होती. ओळीत नागडी माणसं. कुणाच्या पाठीला पोक, कुणाचा एक डोळा दुधाळ. सगळे हात पुढं धरून, एकमेकांकडं न बघता उभे. तावी त्यांच्यात असा दिसत होता की जणू चुकून इथं आला. डॉक्टर साठीच्या पुढचा, दाढी वाढलेला, डोळे लाल. त्याच्याकडे नळी होती. आणि त्यानं ती लावली.

तावीला बरं वाटलं. आपण हलू नये म्हणून तो ताठ उभा राहिला. पण काळीज पिंजऱ्यात कोंडलेल्या कोंबडीसारखं फडफडत होतं, हात थरथरत होते, चेहरा हिरवट पडला होता. डॉक्टरनं कपाळाला आठ्या घातल्या. नळी सरकवली, परत सरकवली. मग एकदम त्याचं तोंड हुंगलं.

"आ कर."

तावीनं तोंड उघडलं.

"तंबाखू." डॉक्टरनं नळी कानातून काढली. आवाज चढवला नाही. "आज सकाळपासूनचा कितवा रे हा? ह्याच्या खांद्यांवर तोफ ओढून नेता येईल, आणि हा तंबाखू पितो. पोरं मरताहेत तिकडं."

"मी नाही प्यालो," तावी म्हणाला.

"त्या बोंबलणाऱ्या काळजातून मला काही ऐकू येत नाही. आणि ऐकायचंही नाही. दुसरा वर्ग. पुढचा."

"डॉक्टरसाहेब, मी तंबाखू ओढतही नाही. माझ्या काळजात—"

"पुढचा!"

मागचा पोकवाला खुदकन हसला.

लेम्पी बाहेर पायरीवर बसली होती. दारातून एक शिपाई बाहेर आला, दुसऱ्याला म्हणाला, "आत एक दांडगा तंबाखू पिऊन आला होता. म्हाताऱ्यानं वासावरून पकडला." दोघं हसले. लेम्पी उठली. तावीला घेऊन जाणारी गाडी दुपारनंतर सुटणार होती, तोवर निवडलेल्यांना मागच्या आवारात बसवलं होतं.

डॉक्टर जेवायला उठला तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

"मी दिली," ती म्हणाली. "तंबाखू मी दिली, त्याला न सांगता. कॉफीत घालून. त्याला ठाऊक नाही."

"बाई, रोज मला दहा बायका काही ना काही सांगतात."

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्यावरही नका ठेवू. तंबाखू उतरल्यावर नुसतं एकदा ऐका. त्याचे घोटे बघा. नखं बघा. तो बसून झोपतो हो! आमच्या लग्नाला सात वर्षं झाली, एक रात्र आडवा झोपला नाही."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या कोटाला सुकलेल्या रक्ताचा वास येत होता. "भरतीतून माणूस सोडवायला त्याला काही पाजणं हा गुन्हा आहे, माहीत आहे? युद्ध चालू आहे. तुरुंगात जाशील."

"जाईन."

"ऐकून काही निघालं नाही, तर दोघंही जाल."

"निघेल," ती म्हणाली.

डॉक्टरनं डब्यातली भाकर काढली, एक तुकडा मोडला. "जा, घेऊन ये त्याला. मी जेवतोय तोवर."

मागच्या आवारात गडी गवतावर बसले होते. त्यांना टोप्या वाटून झाल्या होत्या. तावीच्या डोक्यावर ती राखाडी टोपी लहान होत होती, तरी त्यानं ती नीट बसवली होती. चेहऱ्यावर रंग परत आला होता. कुणी तरी त्याला खारवलेल्या माशाचा तुकडा दिला होता, कुणी जागा करून दिली होती. "मोइलानेन, तुझ्यासारखा एक असला की खंदक आपोआप खणला जाईल रे!" असं एक जण म्हणाला, आणि तावी हसला. लेम्पीनं ते हसू कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

ती जवळ जाऊन हळूच म्हणाली, "चल. डॉक्टर पुन्हा ऐकणार आहे."

"कशाला?"

"चल तर."

"नाही येत." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मला वर्ग मिळालाय. एकदा नाही ऐकलं, झालं. घरी जा तू. गवत पडलंय."

"तावी, तू मरशील तिथं."

"मरू दे." त्याचा आवाज खाली होता, पण शेजारच्यांचं लक्ष गेलं. "इथं कुणी मला बैल म्हणालं नाही अजून. जा."

लेम्पीनं त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवला. आजूबाजूचे गडी आता बघत होते. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा शाळेच्या दाराकडं. आणि मग ती ओरडली. सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी ओरडली.

"याला तंबाखूचं पाणी मी पाजलंय! हा माणूस आजारी आहे! याला काही ठाऊक नव्हतं, मी पाजलंय!"

मग मागून कुणी तरी म्हणालं, "बायकोनं बाटलीनं पाजलं वाटतं," आणि सगळं आवार हसलं. शिपाई येऊन तावीचं बखोट धरून त्याला आत घेऊन गेला. जाता जाता तावीनं लेम्पीकडं बघितलं. राग असता तर तिला परवडलं असतं. तो तिला ओळखत नसल्यासारखा बघत होता.

काही वेळानं डॉक्टरनं तिला आत बोलावलं. तावी शर्टाच्या गुंड्या लावत होता, पाठ करून. डॉक्टर पोरांच्या बाकावर बसला होता. गुडघे छातीशी आले होते.

"हे आधी कुणी ऐकलं होतं?"

"दहा वर्षांपूर्वी. भरतीच्या वेळी."

"आणि दहा वर्षं हा काय करतो?"

"शेती."

"यापुढं नको. विळा नको, कुऱ्हाड नको, पाण्याची बादलीसुद्धा नको." त्यानं डोळे चोळले. "तरीही हिवाळा निघेल असं मी म्हणणार नाही."

"मग शेती कोण करणार?" लेम्पीनं विचारलं. भांडायला नाही, खरंच विचारलं.

डॉक्टरनं तिसरा वर्ग लिहून शिक्का मारला. तुरुंगाचं काही बोलला नाही.

दारात शिपायानं हात पुढं केला. "टोपी." तावीनं टोपी काढली, आतली बाजू बाहीनं पुसली आणि दिली.

होडीत तो तिच्यासमोर बसला होता आणि तिच्या खांद्यावरून पलीकडच्या काठाकडे बघत होता. लेम्पी वल्हवत होती. तळं अर्धं झाल्यावर तो बोलला.

"माझं एवढं एकच खरं होतं," तो म्हणाला. "तेही तू खोटं करून टाकलंस."

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

बातमी होडीच्या आधी पोचली होती. दुधाच्या कॅनांपाशी बाया उभ्या होत्या, त्यांनी पाठ फिरवली. गावात वाळलेलं गवत उचलायला सगळ्याजणी मिळून एकेकीच्या कुरणात जात. मोइलानेनच्या कुरणात कुणी आलं नाही. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसेना. रीक्का म्हातारी अंथरुणाला लागली आणि भिंतीकडे तोंड करून पुटपुटत राहिली, "मी सांगितलं तिला, मी सांगितलं." लेम्पी एकटी कापत होती. तिला विळा नीट येत नव्हता. पातं दर फटक्याला मातीत घुसायचं. तावी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून बघायचा. उठायचा, परत बसायचा. मीठ लागलं तर तो आईला सांगायचा, आणि आई लेम्पीला सांगायची.

एका सकाळी उंबरा रिकामा होता. खुंटीवरचा विळाही नव्हता.

लेम्पी आधी आपल्या कुरणात गेली. तिथं तो नव्हता. मग कुंपणापलीकडून पात्याचा आवाज आला. लांब, सरळ, न थांबणारा. तावी साइमीचं गवत कापत होता. पट्ट्यामागून पट्टा पडत होता, हाताच्या तळव्यासारखा साफ. दव अजून वाळलं नव्हतं. तळ्याच्या टोकाला आभाळ काळं झालं होतं.

साइमी दाताळं हातात धरून बांधावर उभी होती.

"तू बोलावलंस याला?" लेम्पी धापा टाकत म्हणाली.

"मी कशाला बोलावू? उठले तर हा होताच." साइमीचा आवाज कडक होता, पण ती अस्वस्थ दिसत होती. "कापू दे की. ओट्टोचं गवत आहे. एवढं तरी कापू दे."

"तावी!" लेम्पीनं हाक मारली. "तावी, थांब!"

तो थांबला नाही. धार लावायलाही थांबला नाही. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं आणखी तीन-चार फटके मारले, मग विळ्याचं टोक गवतात अडकल्यासारखं झालं. त्यानं ते सोडवायला ओढलं आणि गुडघ्यावर बसला. मग कुशीवर कलंडला.

साइमी जवळ होती, तीच आधी पोचली. त्याचे ओठ जांभळे झाले होते, तोंडातून गुलाबी फेस येत होता. डोळे उघडे. तिनं शर्टाची कॉलर फाडली. आपल्या माणसाच्या मरणाला ती नव्हती. आता समोर माणूस होता आणि काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. म्हणून तिनं त्याच्या छातीवर कान ठेवला, जिवंत आहे का बघायला.

ती उठेना. लेम्पी आली तरी साइमीचा कान तिथंच होता. तिचं तोंड हळूहळू बदलत गेलं.

"हे काय आहे?" तिनं विचारलं. "आत काहीतरी फाटल्यासारखं वाजतंय. घासतंय. हे असं रोज वाजतं?"

"रोज," लेम्पी म्हणाली. "उठव त्याला. आडवा नको ठेवू, आडवा नको."

दोघींनी त्याला बगलेत धरून उचललं आणि ताज्या गवताचा ढीग करून त्याला टेकून बसवलं. साइमीनं डोक्याचा रुमाल सोडून तळ्यात भिजवून आणला आणि त्याचं तोंड पुसलं. फेस पुसला, घाम पुसला. तिच्या चिंधी बांधलेल्या बोटांनी ती पुसतच राहिली.

"मला कुणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली. मग स्वतःच गप्प झाली, कारण सांगितलं होतं.

बऱ्याच वेळानं त्याचा श्वास जरा खाली बसला. ओठ जांभळेच राहिले. वारा सुटला आणि तळ्यावर पहिली सर दिसायला लागली, अजून लांब. कापलेलं गवत सगळं जमिनीवर पडलं होतं. भिजलं तर कुजणार, आणि कुजलं तर साइमीची गाय वसंतापर्यंत जगणार नव्हती.

साइमी उठली आणि दाताळं घेऊन गवत खांबांकडे ओढायला लागली. "लेम्पी," ती म्हणाली, "त्या कोपऱ्यातलं उभं आहे तेवढं कापशील? मग आपण तुमच्यात जाऊ. दोघी असलो तर होईल."

लेम्पीनं तावीचा विळा उचलला. दांड्याला अजून त्याच्या हातांची ऊब होती. तिनं पाय रोवले आणि पहिला फटका मारला. पातं मातीत घुसलं. तिनं ते ओढून काढलं, दुसरा मारला. परत घुसलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"टाच खाली," मागून कुणीतरी बोललं.

ती वळली. तावी गवताला टेकून बसला होता. एका शब्दाला एक श्वास लागत होता.

"पात्याची टाच... खाली ठेव. टोक जरा वर." तो थांबला, दम घेतला. "आणि ओढू नकोस, लेम्पी. कमरेतून वळ. हात आपोआप येतील."

ती वळली, पाय रोवले, टाच खाली ठेवली आणि कमरेतून फिरली. गवत एका रेषेत आडवं पडलं.

"अस्सं," तावी म्हणाला. "आता पुढचं."